जुन्या स्पीकरच्या पेट्या दुरुस्त कराव्यात, पण परतीची वाट ठेवून

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीआधी घरे झाडून-रंगवून घेण्याचे दिवस आले की आमच्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, गावांमधून भंगार विकत घेणाऱ्यांच्या गाड्या फिरू लागतात आणि त्यांत भांडी, पत्रे, मोडक्या सायकली यांच्यासोबत जुन्या लाउडस्पीकरच्या लाकडी पेट्याही जातात. घेणाऱ्याला आतल्या लोहचुंबकाशी आणि तांब्याच्या तारेशी मतलब असतो. पेटी जागच्या जागी फोडली जाते आणि तिच्या फळ्या सरपणात जमा होतात. दुसरीकडे, ज्यांना या पेट्यांविषयी आपुलकी आहे असे तरुण त्या घरी आणतात, त्यांत नवा वूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) बसवण्यासाठी जुने भोक करवतीने मोठे करतात, वरून सनमायका चिकटवतात आणि आपण पेटी वाचवली असे समजतात. मला या पत्रातून सांगायचे आहे ते असे की या दोन्ही मार्गांनी पेटी जातेच. जुनी पेटी घरच्या घरी, साध्या हत्यारांनी उत्तम दुरुस्त होते आणि तिच्यात काळानुरूप बदलही करता येतात. मात्र प्रत्येक बदल असा असावा की पुढे कोणाला वाटले तर तो काढून पेटी मूळ रूपात आणता यावी. हे काम मी अनेक वर्षे आवडीने करीत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो.

आमच्या भागात अशा पेट्या आहेत तरी किती प्रकारच्या, हे शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतरच्या काळात खेड्यांतल्या सुखवस्तू घरांत मर्फी, बुश, फिलिप्स यांचे लाकडी रेडिओ आले. ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी भोंगे व उभे कॉलम स्पीकर घेतले. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेसाठी, भजनांसाठी, सप्ताहांसाठी गावाने वर्गणी काढून पेट्या करून घेतल्या. वडसा-देसाईगंजच्या आसपास दिवाळीनंतर जी नाटके रात्रभर रंगतात, त्यांच्यासाठी माइकवाल्यांनी स्वतःच्या पेट्या बांधल्या. पुढे कॅसेटचा जमाना आला, तेव्हा जोडीजोडीने स्टिरिओच्या पेट्या घरांत आल्या. यांतल्या कितीतरी पेट्या कारखान्याच्या नाहीत; एखादी विलायती किंवा मुंबईची पेटी समोर ठेवून गावच्या सुताराने अस्सल सागात त्या उतरवलेल्या आहेत. आलापल्ली आणि बल्लारपूरच्या सागाची महती मी वेगळी सांगायला नको. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये हेच लाकूड बल्लारपूरहून वाजतगाजत गेले. त्याच जंगलातल्या, चाळीस-पन्नास वर्षे मुरलेल्या सागाच्या फळ्या आपण चुलीत घालतो आहोत.

पेटी हे स्पीकरचे नुसते घर आहे, असा समज फार खोलवर रुजला आहे आणि बहुतेक नुकसान त्यातूनच होते. स्पीकरचा कागदी कोन (शंकूसारखा पडदा) पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. स्पीकर उघडाच वाजवला तर मागची लहर पुढे येऊन पुढच्या लहरीला मारते आणि खर्ज नाहीसा होतो. आजही आपण जो वापरतो तो मागेपुढे हलणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा स्पीकर अमेरिकेत राईस आणि केलॉग या दोघांनी १९२५ मध्ये मांडला, तेव्हापासून पुढच्या आणि मागच्या लहरी वेगळ्या कशा ठेवायच्या हाच पेटीच्या रचनेचा मूळ प्रश्न राहिला आहे. जुन्या पेट्यांमध्ये त्याची तीन उत्तरे सापडतात: मागून उघडी पेटी, सर्व बाजूंनी बंद पेटी आणि समोर किंवा मागे ठरावीक मापाचे भोक असलेली पेटी. आपल्या हातातली पेटी यांपैकी कोणती आहे हे ओळखल्याशिवाय तिला पटाशी लावू नये.

मागून उघडी पेटी म्हणजे प्रामुख्याने जुने व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) रेडिओ. त्यांची मागची पुठ्ठ्याची, भोके असलेली झडप हरवलेली असते आणि दुरुस्ती करणारा हौसेने तिथे प्लायवुड ठोकून देतो. असे अजिबात करू नये. एक तर त्या रेडिओचा आवाज मागच्या मोकळेपणावर बेतलेला असतो. शिवाय व्हॉल्व्ह चांगलेच तापतात, आणि आमच्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा बंद पेटीत आतले मेण वितळते आणि लाकडाचा साजही सुटतो. याच रेडिओंबाबत आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. त्यांच्या आत २५० व्होल्ट आणि त्याहून अधिक दाब असतो, वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) तो काही काळ टिकतो, आणि काही सेटांत लोखंडी सांगाडाच थेट घरच्या विजेच्या तारेला जोडलेला असतो. ज्याला या कामाची माहिती नाही त्याने फक्त लाकडाचे काम करावे आणि आतला सांगाडा जाणकाराकडूनच काढून घ्यावा.

बंद पेटीत आत कोंडलेली हवा स्प्रिंगचे काम करते. अमेरिकेतल्या एडगर विलचर यांनी १९५४ मध्ये हे तत्त्व वापरून लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला आणि पुढे घरगुती स्पीकरांची एक मोठी पिढी त्यावर उभी राहिली. अशा पेटीला हवेची गळती चालत नाही. वूफरचा कोन दोन्ही हातांच्या बोटांनी, समान दाबाने, अगदी हळू आत ढकलावा आणि सोडावा. तो संथपणे परत आला तर पेटी घट्ट आहे आणि चटकन उसळी मारून परत आला तर कुठेतरी हवा सुटते आहे असे समजावे. गळतीच्या जागा बहुधा ठरलेल्या असतात: मागच्या फळीचे स्क्रू, तार आत जाते ते भोक, वूफरच्या कडेखालची वाळून भुगा झालेली पट्टी आणि उधईने किंवा किड्याने पाडलेली बारीक छिद्रे. ही सगळी बुजवायला खर्च जवळपास शून्य येतो. कित्येकदा लोक ज्या पेटीला ‘खर्ज गेला’ म्हणून टाकून देतात, तिच्यात एवढीच दुरुस्ती बाकी असते.

भोक असलेली पेटी सर्वांत जास्त बिघडवली जाते, म्हणून तिच्याविषयी जरा थांबून लिहितो. रिकाम्या सुरईच्या तोंडावर आडवी फुंकर घातली की एक ठरावीक सूर निघतो. पेटी आणि तिच्या भोकात बसवलेली नळी यांचे नाते तसेच असते. पेटीतल्या हवेचे आकारमान, भोकाचे क्षेत्रफळ आणि नळीची लांबी या तिघांवर तो सूर ठरतो आणि स्पीकर जिथे खर्जात थकतो तिथे हा सूर त्याला हात देतो. बेल प्रयोगशाळेतल्या थुरास यांना याचे पेटंट १९३२ मध्ये मिळाले. आकड्यांत पाहू. ६० लिटरच्या पेटीला १० सेंटिमीटर व्यासाची आणि १० सेंटिमीटर लांबीची नळी असेल तर तिचा सूर साधारण ४८ हर्ट्झवर (सेकंदाला ४८ कंपनांवर) येतो. आता त्या पेटीत कोणी एक अँप्लिफायर आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर बसवला, जाड पट्ट्या ठोकल्या आणि आतली हवा ४५ लिटरच उरली, तर तोच सूर ५५ हर्ट्झच्या आसपास चढतो. नळी काढून फळीत नुसते भोक ठेवले तर तो ६० च्याही वर जातो. म्हणजे बाहेरून पेटी तीच दिसते, स्पीकरही तोच असतो, पण ढोलकीच्या थापेचा खालचा भाग पोकळ, घुमणारा आणि ओढलेला ऐकू येतो. मग दोष स्पीकरला दिला जातो, तो बदलला जातो आणि घोळ वाढत जातो. म्हणून नळी काढू नका, कापू नका, आणि ‘आवाज मोकळा व्हावा’ म्हणून भोकही मोठे करू नका.

नव्या वूफरविषयी माझे मत कडक आहे. जुना स्पीकर हलक्या कागदी कोनाचा असतो. तो थोड्या वॅटच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरवर मोठा आवाज देण्यासाठी घडवलेला असतो आणि त्याला मोठी पेटी लागते. आज बाजारात मिळणारा गाडीतला वूफर जड कोनाचा, रबरी कडेचा असतो. त्याला वीज भरपूर लागते आणि लहान पेटी पुरते. एका वॅटला ९७ डेसिबल देणारा स्पीकर आणि ८७ डेसिबल देणारा स्पीकर यांत दहा डेसिबलचे अंतर दिसते, पण त्याचा अर्थ असा की दुसऱ्याला तेवढ्याच आवाजासाठी दहापट वीज द्यावी लागेल. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थिएल यांनी १९६१ मध्ये आणि त्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी स्पीकर आणि पेटी यांचे गणित इतके स्पष्ट करून दिले आहे की आता अंदाजाने जोडी जमवण्याचे कारण उरलेले नाही. स्पीकरचा स्वतःचा सूर, कोनाचे हेलकावे आवरण्याची त्याची ताकद आणि त्याच्या लवचिकतेशी समतुल्य हवेचे आकारमान हे तीन आकडे नव्या स्पीकरसोबत छापून मिळतात. ते आपल्या पेटीशी जुळत नसतील तर तो स्पीकर कितीही महाग असो, तो या पेटीचा नव्हे. आणि जुळत असतील तरीही मूळ फळीला करवत लावू नये. नव्या स्पीकरच्या मापाची वेगळी फळी करून ती जुन्या स्क्रूंच्या जागीच बसवावी आणि मूळ फळी गुंडाळून माळ्यावर ठेवावी.

मूळ स्पीकर सहसा वाचवता येतो. मल्टिमीटर लावून पाहावे: ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ६.५ ओहम दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.५, काहीच दाखवले नाही तर गुंडाळी तुटली आहे किंवा बाहेरची विणलेली तार निसटली आहे, आणि तार निसटली असेल तर डाग देऊन काम भागते. कागद उंदराने कुरतडला असेल किंवा चिरला असेल तर पातळ केलेला फेव्हिकॉल आणि पतंगाच्या कागदासारखा विरळ कागद मागच्या बाजूने लावावा. जाड थर देऊ नये, कारण कोनाचे वजन वाढले की त्याचा सूर खाली सरकतो. कडेची फोमची वळी मात्र पंधरा-वीस वर्षांत आपोआप चुरा होते, ती बदलावीच लागते. कापडी किंवा कागदी कड असेल तर ती पुष्कळ टिकते. चुंबक उघडण्याचा मोह टाळावा. जुन्या स्पीकरांत अल्निको धातूचे चुंबक असते आणि ते त्याच्या लोखंडी घरातून बाहेर काढले की त्याची शक्ती घटते. त्या धातूत कोबाल्ट लागतो. १९७८ च्या सुमारास आफ्रिकेतल्या झाईरमधल्या लढाईमुळे कोबाल्ट महागला आणि जगभरचे कारखाने फेराइटच्या चकतीसारख्या चुंबकांकडे वळले. तेव्हा ज्या पेटीमागे चकतीऐवजी पेल्यासारखे चुंबक दिसेल ती भंगाराच्या भावात देण्याआधी दहादा विचार करावा.

लाकडाकडे वळतो, कारण आमच्या हवेत खरी परीक्षा त्याचीच होते. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की हात उलतात आणि श्रावणात भिंतींना ओल येते; या दोन टोकांमध्ये सागाची रुंद फळी दरवर्षी आडव्या अंगाने आक्रसते आणि फुगते. सांधे उघडतात ते त्यामुळे. उघडलेल्या सांध्यात कडक पुट्टी भरली तर पुढच्या पावसाळ्यात फळी फुगायला जागा शोधते आणि दुसरीकडे तडा जातो. त्याऐवजी त्याच जातीच्या लाकडाची बारीक पाचर सरसाने बसवावी. सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा जुना गोंद, मी मुद्दाम म्हणतो. तो ऊब आणि ओल दिली की सुटतो, त्यामुळे सांधा पुन्हा उघडता येतो. फेव्हिकॉलने किंवा इपॉक्सीने जोडलेला सांधा उघडताना लाकूडच फाटते. ज्या जागा पूर्वीपासून खिळ्यांच्या आहेत तिथे गंजलेला खिळा काढून त्याच भोकात लाकडी खुंटी बसवता येते. पॉलिश केलेली पेटी ‘कीड मरावी’ म्हणून वैशाखाच्या उन्हात ठेवण्याची रीत आहे, तीही सोडावी. वर चिकटवलेला सागाचा पातळ पापुद्रा फुगून उठतो आणि नंतर तो सपाट बसत नाही. उधई लागली असेल तर स्पीकर आधी बाहेर काढून ठेवावेत, पोखरलेला भाग खरवडावा आणि कच्च्या लाकडाला आतून बोरिक पावडर व टाकणखाराचे पाणी द्यावे. घासलेट किंवा फवारणीचे औषध पेटीत मारले तर कोनाचा डिंक आणि फोम दोन्ही विरघळतात.

नंतरच्या काळातल्या पेट्या भुसा-बोर्डाच्या आहेत. त्यांचे कोपरे पावसाळ्यात एकदा फुगले की ते परत बसत नाहीत आणि तेवढी बाजू बदलण्यावाचून इलाज नसतो. बदलताना जाडी आणि आतले माप जुनेच ठेवावे. इथे आणखी एक समजूत आड येते: जाड लाकूड आणि भरपूर आडव्या पट्ट्या म्हणजे उत्तम पेटी. हे नेहमी खरे नाही. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात नेमके उलट केले. त्यांनी प्लायवुडच्या पातळ भिंती घेतल्या आणि त्यांना आतून डामरी थर देऊन त्यांचा कंप लवकर शमेल असे पाहिले. त्या धर्तीवर बांधलेल्या पेटीतून डामराचे तुकडे ‘घाण’ म्हणून खरवडून काढले किंवा तिला मधोमध खांब ठोकले तर तिची मुळातली रचनाच मोडते. एखाद्या जुन्या पेटीची भिंत खरोखरच झणझणत असेल, बोटाच्या पेराने ठोकल्यावर लांबपर्यंत वाजत असेल, तर एक आधारपट्टी स्क्रूने बसवावी, गोंदाने नव्हे. ऐकून पाहावे आणि पटले नाही तर काढून टाकावी.

पेटीच्या आत आवाज शोषणारा जो भराव घालतात त्याबाबत आम्ही कापसाच्या मुलखातले लोक भाग्यवान आहोत. यवतमाळ-वर्ध्याकडून आलेली, सरकी काढून पिंजलेली रुई हे उत्तम ध्वनिशोषक आहे. पण तिच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. पावसाळ्यात ती ओल धरते, तिचे गोळे होऊन ते तळाशी बसतात आणि उंदरांना घर करायला तिच्याहून चांगली जागा नसते. म्हणून रुई मलमलीच्या पिशव्यांत सैलसर भरावी, टाचून ठेवावी, क्रॉसओव्हरच्या (खालचे-वरचे सूर वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणाऱ्या भागाच्या) तारांपासून दूर ठेवावी आणि दर उन्हाळ्यात उघडून झटकावी. बंद पेटीत ती सगळीकडे भरता येते. भोकाच्या पेटीत फक्त भिंतींना अस्तर द्यावे आणि नळीच्या तोंडासमोरची जागा मोकळी ठेवावी. जुन्या पेटीत काचेची लोकर निघाली तर नाका-तोंडाला कापड बांधूनच तिला हात लावावा आणि ती परत बसवायची असेल तर कापडाखाली झाकावी.

पुढच्या जाळीचे कापड फाटलेले असते तेव्हा लोक पडद्याचे किंवा सोफ्याचे जाड कापड ताणून बसवतात आणि ट्विटरचा (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरचा) आवाज मरतो. कापड तोंडासमोर धरून फुंकर मारावी, हाताला वारा जसाच्या तसा लागला पाहिजे. सेवाग्राम-वर्ध्याच्या परिसरात मिळणारी विरळ विणीची जाडीभरडी खादी या कामाला इतकी चांगली आहे आणि जुन्या पेटीला इतकी शोभते की दुसरे काही शोधायची गरज मला वाटत नाही.

क्रॉसओव्हर हा छोटा भाग आहे, पण बदलाला खरा वाव तिथेच आहे. ट्विटरच्या वाटेवर जो कंडेन्सर असतो तो फक्त वरचे सूर पुढे जाऊ देतो. ८ ओहमच्या ट्विटरला ३००० हर्ट्झच्या वरचे सूर द्यायचे असतील तर साधारण ६.६ मायक्रोफॅरड लागतात. जुन्या पेटीतला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर काळाने सुकतो आणि ट्विटर मलूल वाजतो. त्याच्या जागी तेवढ्याच मूल्याचा फिल्म कंडेन्सर लावावा. तो सहसा सुकत नाही. मात्र जुन्यात जो थोडा अंगभूत विरोध होता तो नव्यात जवळजवळ नसतो, त्यामुळे ट्विटर कधीकधी अधिक तीक्ष्ण वाटतो. मग अर्धा ते एक ओहमचा एक रेझिस्टर ओळीत टाकला की तोल सावरतो. काढलेला जुना कंडेन्सर फेकू नये. तो पाकिटात घालून पेटीच्या आतच टाचावा आणि सोबत एका कागदावर कोणत्या साली काय बदलले, तारांचे रंग कोणते होते, हे लिहून ठेवावे. पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला ही चिठ्ठी फार उपयोगी पडते.

ग्रामपंचायतींच्या आणि शाळांच्या उभ्या कॉलम स्पीकरांविषयी थोडे वेगळे सांगायला हवे. एकाखाली एक असे चार-सहा स्पीकर असल्याने आवाज आडवा पसरतो, वर-खाली कमी जातो, आणि म्हणून भाषणातला शब्द मागच्या रांगेपर्यंत सुटा पोचतो. त्यातला एक स्पीकर कोणी बदलताना उलट जोडला की आवाज पोकळ होतो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावे. अधिक टोकाला अधिक लावल्यावर प्रत्येक कोन बाहेर यायला हवा. अशा कॉलमच्या आत बहुधा १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर असतो. १० वॅटच्या टोकावर तो अँप्लिफायरला १००० ओहम भासतो, त्यामुळे लांब तारेवर अनेक कॉलम चालतात. घरच्या साध्या अँप्लिफायरवर ऐकायचे असेल तर ट्रान्सफॉर्मर वगळून स्पीकरना वेगळी तार काढावी, पण तो उखडू नये; कारण तोच कॉलम उद्या पुन्हा गावच्या लाइनवर गेला आणि आत ट्रान्सफॉर्मर नसला तर गुंडाळ्या तत्काळ जळतील.

पॉलिशचे काम मला सर्वांत प्रिय आहे. सागाच्या पापुद्र्याची जाडी अनेकदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. त्यावर घासणारे यंत्र चालवले तर क्षणात खालचे प्लायवुड दिसू लागते. बारीक पॉलिशपेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, रेषेच्या दिशेने, हातानेच घासावे. त्यापूर्वी स्पिरिटचा बोळा एका कोपऱ्यात फिरवून पाहावा. थर विरघळला तर ते लाखेचे पॉलिश आहे आणि मग ते पूर्ण खरवडण्याची गरजच नाही, त्याच थरावर नवी लाख चढते. लाख आपल्या पळसावर आणि कुसुमावर होते. गोंदिया-भंडाऱ्याच्या लोकांना ती ओळखीची आहे. स्पिरिटमध्ये भिजवलेली चपडी कापडाच्या बोळ्याने पातळ-पातळ अनेक हातांनी दिली की साग आतून उजळतो. सनमायका या कामी मला मुळीच मान्य नाही. तो लावण्यासाठी जुना थर खरवडावा लागतो, तो काढताना पापुद्रा सोबत निघतो आणि खाली काय होते ते कोणालाच पुन्हा पाहता येत नाही. रंगवायचेच असेल तर लाखेच्या थरावर रंगवावे, म्हणजे तो कधीतरी उतरवता येईल.

या निमित्ताने ग्रामपंचायतींना, शाळांना आणि भजनी मंडळांना माझी एक विनंती आहे. निर्लेखनाच्या यादीत जुन्या पेट्या, कॉलम किंवा रेडिओ घालून त्यांचा वजनावर लिलाव करण्याआधी ते गावच्या एका सुताराला आणि तालुक्याच्या आयटीआयमधल्या शिक्षकांना दाखवावेत. सुतारकाम आणि इलेक्ट्रॉनिक्स या दोन्ही शाखांच्या मुलांना एकत्र बसून शिकता येईल असे काम क्वचितच मिळते, आणि इथे साहित्याचा खर्च सरस, लाख, दोन-चार कंडेन्सर आणि खादीचा तुकडा एवढाच आहे. सुतारांसाठी केंद्राची विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ पासून आहे. तिच्यातून मिळणाऱ्या हत्यारांचा उपयोग अशा कामालाही होऊ शकतो. दुरुस्त झालेला कॉलम शाळेच्या प्रार्थनेला वापरावा, नाहीतर गावच्या वाचनालयात ठेवावा. ज्या पेटीत खरोखरच काही उरलेले नाही तीही अख्खी फोडू नये. तिच्या फळ्या, नळी, जाळीची चौकट आणि स्क्रू दुसऱ्या पेटीच्या दुरुस्तीसाठी काढून ठेवावेत, कारण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या सागाला त्याच वयाचा साग लागतो आणि तो आता वखारीत मिळत नाही.

आपला नम्र,
एक वाचक
ता. देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली